डावीकडचं दार

१

सकाळचे दहा वाजले की सेगावासान फ्रीजचा प्लग काढायचे.

फ्रीजची मोटर विजेत घाण करते असं त्यांचं ठाम मत होतं. घाण वीज अॅम्प्लिफायरमध्ये गेली की हेडफोनमधून थेट कानात उतरते, हे दुसरं मत. तोकोरोझावातल्या त्या शांत गल्लीत स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब असलेले ते एकटेच गृहस्थ. निवृत्त झाल्यावर लोक बायकोला घेऊन गरम पाण्याच्या झऱ्यांवर जातात. सेगावासाननी अंगणात खांब रोवून घेतला, वर वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि खाली आपल्या नावाची पाटी लावली. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनने विटाळलेली वीज आता त्यांच्या घरात पाऊल टाकत नव्हती. त्यांची बायको मित्सुए दर नोव्हेंबरात त्या खांबापासून कुंपणापर्यंत दोरी बांधून काकी नावाची नारिंगी फळं सोलून वाळत घालायची. "एवढा उभा केलाय, कशाला तरी उपयोगी पडू दे," म्हणायची.

फ्रीजच्या बाबतीत मात्र नवराबायकोत तह झालेला होता. एकदा सेगावासान ऐकता ऐकता तीन तास विसरले आणि टोफू, मासे, सुनेने पाठवलेलं आइस्क्रीम असं सगळं एकजीव झालं. तेव्हापासून चाळीस मिनिटं. मित्सुए बागेतल्या व्यायामाच्या वर्गाला जायची तेवढा वेळ.

तेवढ्या वेळात ते ऐकायचे आणि ऐकलेलं लिहायचे. 'निर्मळ ध्वनी' या मासिकात 'कान देऊन' नावाचं त्यांचं पान तीस वर्षं चालू होतं. हेडफोन कुठलाही येवो, तो पारखायची तबकडी एकच: साए तानिमुरा नावाच्या, आता हयात नसलेल्या बाईंनी नागानोकडच्या एका डोंगरी गावातल्या सभागृहात पन्नास वर्षांपूर्वी वाजवलेला पियानो. पहिल्या मिनिटाला बाई श्वास घेतात, पुढे एकदा त्यांचं स्टूल करकरतं, तिसऱ्या मिनिटाला बाहेर कावळा ओरडतो. स्वतःच्या लग्नातलं सेगावासानना फारसं आठवत नसे, पण हा कावळा पाठ होता.

पावणेअकराला मित्सुए परत यायची. इकडे घरात शिरताना प्रत्येक जण दारातून "तादाइमा" म्हणतो, म्हणजे आले हं. आणि आतून कुणीतरी "ओकाएरी" म्हणतं, म्हणजे आलीस का, ये. विचार करून कुणी म्हणत नाही. जांभईला जांभई यावी तसं ते तोंडातून येतं. मित्सुए रोज म्हणायची आणि सेगावासानच्या कानांवर रोज हेडफोन असायचे.

"तीस वर्षं भिंतीला म्हटलं असतं," ती एकदा म्हणाली, "तर एव्हाना भिंत बोलली असती."

"काय म्हणालीस?" एक कान उघडा करून सेगावासाननी विचारलं.

"काही नाही. फ्रीज लावा."

२

ऑक्टोबरात संपादिका मोमोसेचा फोन आला. मोमोसे चौतिशीची, त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणणारी आणि बोलण्यात इतकी नम्र की ती वाईट बातमी देतेय हे कळायला फोन ठेवून पाच मिनिटं जावी लागत.

"सेन्सेई, तुमच्या पानाशिवाय आमचं मासिक म्हणजे… पण वाचकांची पत्रं येतात हो. सेन्सेई आता सगळ्याच हेडफोनला 'मऊ' म्हणतात, अशी."

"मऊ असतील तर मऊच म्हणणार."

"अर्थातच. आमचा नवा समीक्षक ओगाता तुमचा किती आदर करतो म्हणून सांगू! त्याने कान तपासून घेतलेत. प्रमाणपत्र चौकटीत लावलंय."

"कानाचं प्रमाणपत्र?"

"अठ्ठावीस वर्षांचा आहे ना. तर सेन्सेई, एक नवा हेडफोन आणि त्याच्यासोबतचा अॅम्प पाठवतेय. काहीतरी नवं ऐका. नाहीतर नव्या वर्षापासून… आपण बोलू."

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी सेगावासान मटकन खाली बसले. कारण कानांचं त्यांना मोमोसेच्या आधीच कळलेलं होतं. उन्हाळ्यात ते गुपचूप दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, "वरचे सूर गेलेत. वय झालं की जातातच. आत्ता खिडकीबाहेर पाखरू ओरडतंय ते येतंय ना ऐकू?"

"हो तर," सेगावासान म्हणाले. खिडकीबाहेर त्यांच्यापुरती शांतता होती.

डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी एका अॅम्पच्या रिकाम्या खोक्यात दडवली. त्या खोलीतलं काही उघडायचं नाही अशी मित्सुएने शपथ घेतलेली असल्यामुळे घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. पण ते पान गेलं तर आपण कोण? खांबावरच्या पाटीवरच्या नावाला त्या पानामुळेच अर्थ होता. ते नसेल तर उरला तो फ्रीज बंद करणारा एक म्हातारा.

३

हेडफोन आला. चांगला जड, लाकडी कपांचा आणि भयंकर तहानलेला. काही हेडफोन फोनला लावले तरी गातात. हा त्या जातीचा नव्हता. खिशात मावणाऱ्या बॅटरीच्या अॅम्पवर पियानो शेजारच्या घरात वाजतोय असं वाटलं. सेगावासान खूष झाले. 'अॅम्पशिवाय हेडफोन म्हणजे घशाशिवाय गवई' हे वाक्य त्यांनी लगेच टिपून ठेवलं. ते त्यांनी आजवर सहा वेळा लिहिलेलं होतं.

आणि दोन मिनिटं चौदा सेकंदांवर, डावीकडे मागे, एक दार सरकलं.

सेगावासाननी हेडफोन काढून घराचं दार पाहून घेतलं. बंद. मित्सुएच्या बाहेरच्या चपला जागेवर नव्हत्या, म्हणजे ती बागेतच. ते परत येऊन बसले, तुकडा मागे नेला. दोन चौदा. लाकडी दार लाकडी खाचेतून सर्रकन सरकलं.

तीस वर्षांत हे दार त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. घाबरण्यासारखं यात काही असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाखरू गेलं तर गेलं, पण हे दार आपल्याला ऐकू आलं! ओगाताने ऐकलंय का हे दार?

त्यांनी कपाटातला व्हॉल्व्हचा अॅम्प काढला. दार उघडलं, शिवाय कुणीतरी उंबऱ्याशी घरातल्या सपाता पायात सरकवल्या. मग नवा अॅम्प लावला. दार, सपाता आणि चटईवर तीन पावलं. अॅम्पमध्ये जितका जोर, तितकं ते माणूस जवळ.

दुसऱ्या दिवशी त्याच अॅम्पवर पावलं चार झाली.

इथे सेगावासान क्षणभर थांबले. तबकडी तीच, अॅम्प तोच, कळ तिथेच. मग पाऊल वाढेल कसं? पण तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाकडे उत्तर तयार असतं. यंत्र मुरावं लागतं. नवा अॅम्प लोणच्यासारखा असतो, दिवसागणिक खुलतो. हे सगळे जाणकार मानतात. त्यांनी लिहिलं: 'अॅम्प मुरतो आहे. दाराचं स्थान अचूक. पावलांना वजन आहे. व्यक्ती सडपातळ असावी. नजीकपणा किंचित जास्त वाटला, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.'

लेख पाठवताना ते मित्सुएला म्हणाले, "माझे कान उत्तम आहेत."

"मला विचारा," मित्सुए म्हणाली.

४

नोव्हेंबरचा अंक निघाला आणि मोमोसेच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. दार सगळ्यांना ऐकू आलं होतं. ज्यांच्याकडे ती तबकडी नव्हती त्यांनाही आलं होतं.

नागोयाचे एक दंतवैद्य लिहीत होते, चांदीची तार वापरल्यास दार देवदाराच्या लाकडाचं आहे हे स्पष्ट होतं. सेंदाईच्या एका गृहस्थांनी त्यांना मूर्ख ठरवलं: दार सुगी नावाच्या झाडाच्या लाकडाचं होतं आणि त्याला मेण लावण्याची गरज होती. तिसऱ्याने सांगितलं की आपल्या अॅम्पवर ती व्यक्ती पाच पावलं टाकते आणि शिंकते. त्या शिंकेसाठी त्याने नवी तार मागवली होती.

सेगावासान आठवडाभर हवेत होते. मग मोमोसेचा फोन आला, नेहमीपेक्षाही नम्र.

"सेन्सेई, नेझूसानचा फोन होता."

"कोण नेझूसान?"

"ज्यांनी ती तबकडी ध्वनिमुद्रित केली ते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. मला वाटलं होतं ते… असो, आहेत. ते म्हणतात, डावीकडे दार नव्हतंच. भिंत होती. दार उजवीकडे, आणि त्याला वारा अडवायला गाद्या लावलेल्या. सगळे मिळून चार जण होते आणि चौघेही आतच."

सेगावासाननी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गुरुवारी अकराला मी येते, ओगाताला घेऊन. तुमच्याच खोलीत, तुमच्याच खांबाच्या विजेवर तो ऐकेल. ऐकू आलं तर पान तुमचं, तुम्ही म्हणाल तोवर. नाही आलं तर जानेवारीत एक छोटंसं क्षमापत्र छापू. फार छोटं, सेन्सेई."

फोन ठेवून सेगावासान खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे मागेही भिंतच होती, तबकड्यांच्या कपाटाने झाकलेली. नेझू म्हातारा झालाय, ते स्वतःशी म्हणाले. अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय! त्याला काय आठवणार. मग त्यांच्या मनात आलं की तिथे भिंत असेल, तर दार माझ्या कानात आहे. आणि दार असेल, तर ते कुणाचं? दोन्हींपैकी कुठलं बरं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी दुसरं बरं, असं त्यांनी ठरवलं. कारण त्यात पान वाचत होतं.

५

गुरुवारी मित्सुएने व्यायाम बुडवला. पाहुणे येणार म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून चेस्टनटची मिठाई आणायला ती निघाली.

"अहो, ऐकलंत का? मी जाऊन येते. पाण्याची किटली भरून ठेवा. आणि माणसं दारात आली तर निदान उठा."

सेगावासानच्या कानांवर हेडफोन होते. त्यांनी हात हलवला, तोही चुकीच्या दिशेला. फ्रीज गप्प होता. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

ओगाताच्या आधी आपण खात्री करून घ्यावी, एवढाच त्यांचा हेतू. नव्या अॅम्पच्या मागे एक खटका होता, ताकद दुप्पट करणारा. तो त्यांनी आजवर वापरला नव्हता, कारण त्याने पियानो अंगावर येतो. आज त्यांनी तो दाबला आणि कळ नेहमीपेक्षा पुढे नेली.

पियानो खरोखरच अंगावर आला. तानिमुराबाईंचा श्वास, स्टुलाची करकर. दोन चौदा.

दार सरकलं. सपाता चढल्या. पावलं सुरू झाली आणि आज ती चारवर थांबली नाहीत. पाच. सहा. सातवं पाऊल खुर्चीच्या अगदी मागे पडलं. आपल्या मानेवरचे केस उभे राहिले आहेत हे सेगावासानच्या लक्षात आलं, आणि त्यातही मनाचा एक भाग म्हणत होता, काय खोली आहे ध्वनीला!

मग कुणीतरी डाव्या कानाशी वाकलं. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. नुकत्याच थंडीतून आलेल्या माणसाचा असतो तसा होता.

"तादाइमा."

तीस वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच हेडफोनच्या आतून आला होता. इतका स्वच्छ, इतका जवळ, की सेगावासानच्या तोंडाने त्यांची वाट पाहिली नाही.

"ओकाएरी," ते म्हणाले.

६

पुढचा पियानो नीट वाजला. कावळाही वेळेवर ओरडला. पण दार पुन्हा लागल्याचा आवाज आला नाही, आणि मानेला बारीक वारा लागत राहिला.

सेगावासाननी हेडफोन काढले, गळ्यात अडकवले, आणि धीर करून मागे पाहिलं. भिंत. कपाट. तबकड्या. त्यांना हसू आलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, तबकडीला 'ये' म्हणतो! हे मित्सुएला सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. तिला सांगितलं तर ती म्हणेल, मला नाही कधी म्हणालात ते.

म्हणेल खरंच. आणि काय चुकेल तिचं? हेडफोन न घालता बसायला ते सहसा तयार नसत, म्हणून हा विचार आजवर त्यांच्या वाटेला आला नव्हता. आज मित्सुए आली की आपण म्हणायचं. मोठ्याने. त्यांनी एकदा घसा साफ करून पाहिला.

तेवढ्यात फ्रीज सुरू झाला.

घड्याळात दहा वीस. चाळीस मिनिटं झाली नव्हती, आणि प्लग तर त्यांनी स्वतः काढून वर ठेवला होता. मित्सुए परत आली असणार, विसरलेलं पाकीट घ्यायला. त्यांनी पायांनी सपाता चाचपल्या. खुर्चीखाली त्या नव्हत्या. खुंटीवरचा त्यांचा तपकिरी स्वेटरही नव्हता.

स्वयंपाकघरात कुणीतरी किटलीत पाणी भरत होतं. नळ, भांड्याचं बूड, मग गॅसचा खटका. सगळं डावीकडून, बारा फुटांवरून, कुठल्याही यंत्राने आजवर दिलं नव्हतं इतकं स्पष्ट. आणि खिडकीबाहेर एक पाखरू ओरडत होतं, बारीक, वरच्या पट्टीत. तेही आता ऐकू येत होतं.

७

पुढचं दार उघडलं. पिशवीची सळसळ झाली.

"तादाइमा," मित्सुए म्हणाली, कुणाकडूनही काही न मागणाऱ्या आवाजात.

सेगावासाननी तोंड उघडलं.

"ओकाएरी," स्वयंपाकघरातून सेगावासानचाच आवाज आला. "दमलीस का? चहा टाकलाय."

मग मित्सुएच्या हातातली पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "अगंबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आज झालंय तरी काय तुम्हाला? फ्रीजसुद्धा लावलात!"

"तो काही बंद ठेवायचा असतो का," तो आवाज म्हणाला.

मित्सुए हसली. हे हसू सेगावासान विसरून गेले होते. ते धडपडत उठले, खोलीचं दार सरकवलं. बोळाच्या टोकाला मित्सुए गालावरून हात फिरवत उभी होती, आणि तिच्यासमोर तपकिरी स्वेटरची पाठ होती, किंचित वाकलेली, चहा ओतणारी.

"मित्सुए!" ते ओरडले. "मित्सुए, इकडे बघ!"

तिने मान जराशी कलती केली. "अहो, ऐकलंत का? दार वाजलं कुठेतरी."

"डावीकडे का?" पाठ म्हणाली. "तिकडे भिंत आहे."

बेल वाजली. मोमोसे आणि ओगाता आले, वाकले, मिठाईला नको नको म्हणत हो म्हणाले, आणि सेगावासानच्या अंगाशेजारून खोलीत शिरले. सेगावासान भिंतीकडे सरकले. दुसरं करणार काय? पाहुण्यांना वाट द्यावीच लागते. ओगाता खुर्चीत बसला, हेडफोन चढवले. ते आत्तापर्यंत आपल्या गळ्यात होते, हे सेगावासानना आठवलं. त्यांनी गळा चाचपला. काही नव्हतं.

दोन मिनिटं चौदा सेकंदांवर ओगाताचे डोळे विस्फारले.

"आहे! सेन्सेई, आहे! डावीकडे, मागे!"

"दार?" मोमोसेने विचारलं.

"दार नाही, माणूस. श्वास घेतोय. श्वास जरा कोरडा आहे, पण काय जवळ आहे! काहीतरी म्हणतोय. मित्सुए… असं काहीसं."

"इश्श! माझं नाव?" ट्रे घेऊन आलेली मित्सुए म्हणाली, आणि शेजारच्या तपकिरी बाहीला तिने हसून कोपर मारलं.

"सेन्सेई, पान तुमचंच," मोमोसे कमरेत वाकली. "मी शंका घेतली, क्षमा करा."

तर पान वाचलं. कान सिद्ध झाले. सेगावासान खुर्चीच्या डावीकडे मागे उभे होते आणि त्यांना हे सगळं ऐकू येत होतं, मित्सुएच्या ट्रेवरचे कप किणकिणत होते तेसुद्धा. आणि आत यायचं कसं असतं हे त्यांना आता ठाऊक होतं. जिच्याकडून उत्तर हवं होतं ती चार हातांवर उभी होती, पण तिच्या कानांवर हेडफोन नव्हते. होते ते ओगाताच्या. सेगावासान ओगाताच्या डाव्या कानाशी वाकले आणि उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं इतक्या कळवळून म्हणाले,

"तादाइमा."

ओगाता चांगल्या घरचा मुलगा होता. त्याचं तोंड आपोआप उघडलं. "ओका…" त्याने सुरुवात केली.

तपकिरी बाहीतला हात पुढे झाला आणि त्याने अॅम्पची कळ हळूच डावीकडे फिरवली, शेवटपर्यंत.

"पुरे आता," सेगावासान हसून म्हणाले. "चहा निवतोय."